धुणावळ कोणी द्यायची?



जत तालुक्यातल्या एका बैठकीत आम्ही कृष्णेत येणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा विषय काढला, तेव्हा मागच्या बाजूने एक आबा उठून म्हणाले, "नदीचं गाऱ्हाणं नदीकाठच्यांनी सांगावं. आमच्या वड्याला पाणीच न्हाई, तर त्यात घाण कुठनं येईल?" सगळी बैठक हसली, आम्हीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर तिथे दोन मिनिटांत देता आले नाही, म्हणून इथे देत आहोत.

आबा, नदी आता चढ चढून तुमच्या शेतात येते. म्हैसाळ योजनेचे पाणी जिथून उचलले जाते ती जागा सांगली शहराच्या खालच्या अंगाला आहे. शहराचा शेरीनाला, आजूबाजूच्या ओढ्यांतून येणारे कारखान्यांचे पाणी, हरिपूरला मिळणारी वारणा, हे सगळे पोटात घेऊन कृष्णा म्हैसाळला पोहोचते आणि तिथून पंपांनी टप्प्याटप्प्याने कवठेमहांकाळ आणि जतकडे चढते. टेंभूचेही तेच. कोयना-कृष्णेचा संगम झाला, कराड शहर मागे पडले, की टेंभू. तिथले पाणी कडेगाव, खानापूर, आटपाडी करत पार सांगोल्यापर्यंत जाते. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ निघाले तेव्हापासून, आणि त्याच्याही आधीपासून, या पाण्यासाठी आपण मोर्चे काढले, परिषदा घेतल्या, लाठ्या खाल्ल्या. आता कुठे ते काही शिवारांत पोहोचले. पाणीपट्टी भरून आपण जे विकत घेतो त्यात पाणी किती आणि दुसऱ्याची घाण किती, हे विचारायचा हक्क आपल्याला नाही काय?

नदीकाठचा शेतकरी या घाणीने आधी मरतो हे खरे. पण आपल्या जमिनीचे दुखणे त्याच्याहून चिवट आहे. माण, खटाव, जत, आटपाडी इथला पाऊस चारशे-पाचशे मिलिमीटरचा. काळी, चिकट जमीन. पाण्याबरोबर मीठ आले की पाणी उन्हाने उडून जाते, मीठ जागच्या जागी राहते. ते धुऊन खाली न्यायला पाऊस पुरत नाही. सोडियम साचला की काळी जमीन चोपण होते, पाणी पीत नाही, वाळली की दगड. वाळवा-मिरजेकडच्या क्षारपड जमिनी आपण पाहिल्या आहेत. तिथे पाणी नुसते जास्त झाल्याने हे घडले. आपल्याकडे पाणी कमी आणि त्यात मीठ जास्त, अशी गत व्हायला वेळ लागणार नाही.

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पाण्यावर आला. वर्तमानपत्रांत फोटो आले, अधिकारी आले, बाटल्या भरून नमुने गेले. मासा का मरतो याचा हिशेब मात्र कोणी सांगत नाही, तो सांगतो. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढले की मागे साधारण आठ ते पंधरा लिटर काळे पाणी उरते. त्याला कारखान्यात स्पेंटवॉश म्हणतात. ते कुजताना एका लिटरला चाळीस हजार मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त प्राणवायू मागते. उन्हाळ्यात नदीच्या एका लिटर पाण्यात प्राणवायू असतो फार तर आठ मिलिग्रॅम. करा भागाकार. कच्च्या स्पेंटवॉशचा एक लिटर नदीच्या पाच हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू पिऊ शकतो. दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात सोडला तर पाच कोटी लिटर. आणि मार्चमध्ये कृष्णेला वाहते पाणी असते किती?

या रोगावर आता औषध निघाले आहे म्हणतात. औषधाचे नाव एन्झाइम.

मागच्या उन्हाळ्यात एका औद्योगिक वसाहतीच्या खालच्या ओढ्यावर या औषधाचा कार्यक्रम झाला. आम्हाला बोलावणे नव्हते, तरी गेलो. मंडप, हार, नारळ, पुढारी सगळे हजर. विक्रेत्याने टेबलावर दोन काचेच्या बरण्या मांडल्या. दोन्हींत ओढ्याचे लालसर काळे पाणी. एकीत त्याने पुडी सोडली, ढवळले. भाषणे संपेपर्यंत त्या बरणीतले पाणी फिके पडले, चहासारखे होते ते ताकाच्या निवळीसारखे झाले. टाळ्या पडल्या. मग पुढाऱ्याच्या हस्ते कॅनमधले एन्झाइम ओढ्यात ओतण्यात आले. ओढा होता तसाच वाहत राहिला. आमच्यापैकी एकाने ती फिकी झालेली बरणी मागून घेतली. विक्रेत्याने खुशीने दिली, त्याला वाटले आम्ही गिऱ्हाईक.

घरी आणून आम्ही तीन ताटल्यांत फडके अंथरले, प्रत्येकीवर मालदांडी ज्वारीचे मोजून शंभर दाणे पसरले. पहिल्या फडक्यावर पावसाचे साठवलेले पाणी, दुसऱ्यावर ओढ्याचे, तिसऱ्यावर बरणीतले फिके पाणी. पाचव्या दिवशी पाहिले. पावसाच्या पाण्यातली ज्वारी तरारून आलेली. ओढ्याच्या पाण्यातली निम्मीसुद्धा नाही. आणि फिक्या पाण्यातली? ओढ्याच्या पाण्यापेक्षा बरी नव्हतीच, आणि जे दाणे उगवले त्यांची मुळे आखूड, टोकाला तपकिरी पडलेली. पाण्याचा रंग गेला होता, विष गेले नव्हते.

ही युक्ती आमची नव्हे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात प्रा. संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे कापडाच्या रंगांवर काम केले. इचलकरंजी त्यांच्या दाराशी, त्यामुळे दुखणे परके नव्हते. कोणता जिवाणू, कोणती बुरशी, कोणती वनस्पती रंगाचा रेणू फोडते आणि त्यासाठी कोणते एन्झाइम वापरते, हे त्यांनी शोधले. झेंडूची मुळे आणि अंगणातला चिनी गुलाबसुद्धा कापडाचे रंग फोडू शकतात हे त्यांनी दाखवले. पण आम्हाला त्यांची सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती दुसरी. रंग फुटला म्हणून ते थांबले नाहीत. फुटल्यावर मागे जे उरले ते पिकाला सोसते का, हे त्यांनी बी उगवून पाहिले. आणि बी कोणते? बऱ्याच प्रयोगांत ज्वारी आणि उडीद. म्हणजे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला साक्षीदार आपल्या कणगीत बसलेला आहे.

रंग गेला तरी विष का राहते, हे समजायला एन्झाइम म्हणजे काय ते समजून घ्यावे लागेल. कृषी महाविद्यालयाच्या पुस्तकात आम्ही त्याला विकर म्हणत होतो. नाव अवघड आहे, वस्तू घरचीच आहे. ज्वारीला मोड आले की दाणा गोड लागतो. दाण्यातल्या पिठाची साखर करणारे जे द्रव्य मोडात तयार होते, ते एन्झाइम. आंबील आंबते ती एन्झाइमनेच. जिवंत पेशी ही द्रव्ये तयार करतात. प्रत्येकाचे काम ठरलेले, कुलपाला किल्ली तसे. पिठाची साखर करणारे एन्झाइम चरबीला हात लावत नाही, चरबी फोडणारे रंगाला लावत नाही. एन्झाइम स्वतः जिवंत नसते, त्याची संख्या वाढत नाही. आंबट-खारट, ऊन-गारवा यांचे मान चुकले की ते बिघडते. शिसे, पारा यांसारख्या जड धातूंपुढे पुष्कळ एन्झाइम निकामी होतात.

पावसाळ्यात पऱ्हाटीच्या कुजक्या ढिगावर पांढरी बुरशी येते आणि काडी पांढरी, भुसभुशीत होते, हे तुम्ही पाहिलेच असेल. लाकडाला ताठ ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य फार थोड्या जीवांना फोडता येते. ही बुरशी ते फोडते. त्यासाठी ती लॅकेस, पेरॉक्सिडेज अशी एन्झाइमे बाहेर सोडते. लॅकेस १८८३ साली जपानमध्ये योशिदा नावाच्या शास्त्रज्ञाला लाखेच्या झाडाच्या चिकात सापडले. पेरॉक्सिडेज वापरून सांडपाण्यातले फिनॉल काढता येईल, हे अमेरिकेत क्लिबानोव्ह यांनी १९८० साली दाखवले. लिग्निन फोडणारे बुरशीचे पेरॉक्सिडेज १९८३ साली हाती लागले. कापडाचे कित्येक रंग, फिनॉल हे लिग्निनच्या भाऊबंदांपैकीच, म्हणून लिग्निन फोडणारी किल्ली त्यांनाही लागते. धिंगरी अळिंबी हीसुद्धा त्याच जातीची बुरशी आहे. कडब्यावर ज्या आयाबहिणी धिंगरी घेतात त्यांच्या पिशवीत लॅकेस तयार होत असते, त्यांना माहीत नसले तरी.

तर एन्झाइम खोटे नाही. आम्ही तंत्रज्ञानाचे वैरी नाही, कधी नव्हतो. उलट आमची तक्रार आहे की हे शास्त्र जिथे लावायला हवे तिथे लावले जात नाही, आणि जिथे लागू पडत नाही तिथे नारळ फोडून ओतले जाते.

रंगाचेच घ्या. ॲझो नावाच्या गटातला रंग काही जिवाणूंच्या एन्झाइमने मधोमध तुटतो. तुटला की रंग दिसेनासा होतो. पण तुटलेल्या तुकड्यांत ॲरोमॅटिक अमाइन असतात आणि त्यांतली काही मूळ रंगापेक्षा घातक. पुढची पायरी, म्हणजे त्या तुकड्यांचीही विल्हेवाट, झाली नाही तर डोळ्यांची फसवणूक तेवढी होते. गुन्हेगाराने कपडे बदलले म्हणून पोलिसाने सोडून द्यावे, तशातली गत.

मळीच्या पाण्याचा काळा रंग आणखी हट्टी. साखर आणि प्रथिनांचे घटक एकत्र तापले की तपकिरी द्रव्ये होतात. तव्यावर भाकरीला जे डाग पडतात ते याच क्रियेने. फ्रान्सच्या माययार यांनी १९१२ साली ती मांडली. स्पेंटवॉशमधल्या या द्रव्याला मेलॅनॉइडिन म्हणतात. गोबर गॅससारख्या टाकीत स्पेंटवॉश कुजवला की त्याची प्राणवायूची भूक बरीच कमी होते, गॅसही मिळतो, पण काळेपणा जात नाही. प्रयोगशाळेत पांढऱ्या बुरशीची एन्झाइमे तो कमी करतात. पण त्यासाठी पाणी पातळ करावे लागते, बुरशीला वरून साखर घालावी लागते, दिवस द्यावे लागतात. रोज लाखो लिटर काळे पाणी काढणाऱ्या कारखान्याला हे एवढ्यावर निभणारे नाही. त्याच्यासाठी नियमही वेगळा आहे: स्पेंटवॉशचा थेंब बाहेर सोडायचा नाही. आटवा आणि बॉयलरमध्ये जाळा, किंवा प्रेसमडवर घालून खत करा. जाळून उरलेल्या राखेत पालाश असते. केंद्र सरकारने २०२१ साली या मळीच्या पालाशला खत अनुदानाच्या योजनेत घेतले. त्यात किमान साडेचौदा टक्के पालाश असते, आणि पालाश आपला देश परदेशातून आणतो. म्हणजे जे ओढ्यात सोडले तर आपला घात करते, तेच आटवले तर पैसा होते. हे सगळे असताना जर कोणी डिस्टिलरीवाला म्हणाला की आम्ही ओढ्यात एन्झाइम सोडतो, काळजी नको, तर त्याला एवढेच विचारा की ओढ्यात सोडायला तुमच्याकडे पाणी आलेच कुठून?

आणि मीठ. याच्यावर तर एन्झाइमवाले तोंडच उघडत नाहीत. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग बसवताना रंगाच्या टाकीत लिटरमागे तीस ते ऐंशी ग्रॅम मीठ घालतात. समुद्राच्या पाण्यात असते सुमारे पस्तीस. हे मीठ कापडात राहत नाही, सगळे पाण्याबरोबर बाहेर पडते. जगातले कोणतेही एन्झाइम मिठाचा कण फोडू शकत नाही, कारण मिठात फोडण्यासारखे काही नाहीच. ते गाळून, आटवूनच बाजूला काढावे लागते. नदीकाठच्या माणसाला रंग दिसतो, वास येतो, तो ओरडतो. आपल्यापर्यंत म्हैसाळच्या कालव्यातून येईल ते बिनरंगाचे, बिनवासाचे मीठ. म्हणून 'रंग गेला, काम झाले' हे म्हणणे कोणाहीपेक्षा कोरडवाहू शेतकऱ्याला महाग पडणार आहे.

आता खऱ्या मुद्द्याला येतो. कारखानदार म्हणतात, एन्झाइमची योग्य प्रक्रिया आतल्या आत करायची तर परवडत नाही. एन्झाइम महाग आहे.

महाग आहे? आपला कापूस सूतगिरणीतून विट्याच्या, इचलकरंजीच्या मागावर जातो. धागा तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ लावतात. कापड विणून झाले की ती खळ काढावी लागते. ती काढतात ॲमायलेज नावाच्या एन्झाइमने. कापड पांढरे करताना वापरलेले पेरॉक्साइड धुवायला पाणी फार लागते, म्हणून कॅटॅलेज नावाचे एन्झाइम घालतात. कापडावरची लव जाऊन ते गुळगुळीत दिसावे म्हणून सेल्युलेज. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून दारू करणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचे धोरण आणले, त्यात आपल्या ज्वारीचे नाव होते. त्या कारखान्यांत ज्वारीच्या पिठाची साखर कशाने होते? एन्झाइमने. पिंपेच्या पिंपे विकत आणतात.

म्हणजे कापड चकचकीत करायचे असेल तर एन्झाइम परवडते. ज्वारीची दारू करायची असेल तर परवडते. त्याच कारखान्याच्या मागच्या दाराने जे पाणी बाहेर पडते ते धुवायचे म्हटले की एन्झाइम महाग होते. ते महाग नाही, भावांनो. पुढच्या दाराचा खर्च मालाच्या किमतीत धरता येतो, मागच्या दाराचा खर्च दुसऱ्याच्या अंगावर टाकता येतो, एवढाच फरक आहे. आपण घरी कपडे धुवायला दिले तर धुणावळ द्यावी लागते. कारखान्याचे कपडे कृष्णा धुते आणि धुणावळ जतचा ज्वारीवाला देतो.

यावर दोन बाजूंनी दम दिला जातो. साखर कारखान्याचे संचालक सांगतात, खर्च वाढवला तर ऊसदर कमी होईल. कापडवाले सांगतात, धुणावळ आमच्याकडून घेतली तर कापसाचा भाव पाडावा लागेल. वा रे न्याय! कापसाचा भाव जागतिक बाजारात आणि दिल्लीच्या आयात-निर्यात धोरणात ठरतो. भाव पडायचा असतो तेव्हा धुणावळ घेतली काय नि न घेतली काय, पडतोच. मग आजपर्यंत जी धुणावळ त्यांनी वाचवली ती कापसाच्या भावात कधी चढून आली, ते एकदा दाखवावे. ऊसवाल्या भावांशी आमचे भांडण नाही. त्यांच्या विहिरीचे पाणी आपल्या आधी बिघडते. कारखाना 'आपला' आहे, संचालक 'आपलीच माणसे' आहेत, म्हणून त्यांनी तोंड शिवून घ्यायचे, हे आता त्यांनाच नको झाले आहे.

मधल्या मध्ये गावोगाव नवे खूळ आले आहे. गूळ एक भाग, फळांच्या साली तीन भाग, पाणी दहा भाग, तीन महिने आंबवा आणि नदीत सोडा, नदी स्वच्छ होते. शाळेच्या पोरांकडून हे करून घेतात. हेतू चांगला असेल, पण ते पाणी म्हणजे बव्हंशी आंबट शिरका. ते कुजायलाही प्राणवायू लागतो. जी नदी आधीच गुदमरली आहे तिच्या तोंडात आणखी आंबवण ओतायचे याला आम्ही सेवा म्हणणार नाही. पोरांना सांडपाण्याचे नमुने घ्यायला शिकवा, ते जास्त कामाला येईल.

एन्झाइम नेमके कुठे लावावे हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही नुसते नकारघंटा वाजवणारे ठरू. ते कारखान्याच्या कुंपणाच्या आत लावावे. रंगाच्या टाकीतून निघालेले दाट पाणी बाकीच्या पाण्यात मिसळू न देता वेगळे ठेवावे, त्याची आम्लता आणि उष्णता जुळवावी, एन्झाइम मण्यांवर किंवा जाळीवर बसवून तेच पुन्हा पुन्हा वापरावे, त्यानंतर जिवाणूंच्या टाकीत तुटलेल्या तुकड्यांचा निकाल लावावा, आणि शेवटी मीठ वेगळे काढावे. दूध प्रक्रियेच्या सांडपाण्यातली चरबी टाक्या तुंबवते, तिथे लायपेज हे एन्झाइम खरोखर उपयोगी आहे. ओढ्यात, नदीत मात्र नाही. तिथे औषध हजारो पटींनी पातळ होते आणि काम करायला वेळ मिळण्याआधी पुढच्या गावी पोहोचते. पिकावर फवारायचे औषध धरणात ओतावे तसे ते होते.

कायदा आपल्या बाजूने नाही असे कोणी सांगितले तर ऐकू नका. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात कारखान्याला पाणी सोडण्याची जी संमती मिळते तिची नोंदवही मंडळाला ठेवावी लागते, आणि ज्याला झळ पोहोचते त्याला ती पाहण्याचा हक्क आहे. त्याच कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन कोणताही नागरिक स्वतः कोर्टात फिर्याद करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या चामडे कारखान्यांच्या खटल्यात 'घाण करील त्याने भरावे' हे तत्त्व आपल्या देशाच्या कायद्याचा भाग ठरवले. २०१० च्या कायद्याने आलेल्या हरित न्यायाधिकरणाकडे नुकसान झाल्यापासून पाच वर्षांच्या आत भरपाई मागता येते, आणि त्याचे पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे, दिल्लीला जावे लागत नाही. केंद्रीय मंडळाने २०१४ साली साखर कारखाने, डिस्टिलऱ्या यांच्यासह सतरा प्रकारच्या उद्योगांना बाहेर जाणारे पाणी चोवीस तास मोजणारी यंत्रे बसवायला सांगितले. मग त्या यंत्रांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का लागू नयेत? सांगलीचे प्रदूषण कार्यालय कोल्हापूर विभागात, साताऱ्याचे पुणे विभागात. फाइली दोन दिशांना जातात, पाणी मात्र कराडहून सांगलीला एकाच पात्रातून येते. दोन्ही जिल्ह्यांची संयुक्त बैठक मागण्याचे हे एक कारण.

पण कोर्टात जायला पुरावा लागतो, आणि तो आपणच गोळा करायचा आहे. प्रत्येक गावाने महिन्यातून एकदा कालव्याचे, ओढ्याचे आणि एका विहिरीचे पाणी धुतलेल्या बाटलीत, तोंडापर्यंत भरून घ्यावे. बाटलीवर तारीख, वेळ, जागा लिहावी. एकाच पोत्यातल्या चांगल्या ज्वारीचे शंभर दाणे प्रत्येक पाण्यावर आणि शंभर दाणे पावसाच्या किंवा गाळलेल्या पाण्यावर ठेवावेत. फडके ओले राहील एवढेच पाणी, बुडेल एवढे नको. सावलीत ठेवा. चौथ्या दिवशी एकदा मोजा, दहाव्या दिवशी पुन्हा. उगवलेले दाणे मोजा आणि दहा रोपांची मुळे फूटपट्टीने मोजा, कारण विषाची पहिली खूण मुळावर दिसते. शेजारी उडीदही ठेवा. ज्वारी बरेच मीठ सोसते, कापूस तिच्याहून जास्त. दोन्ही पिके सहनशील, आपल्यासारखीच, म्हणून ती तक्रार उशिरा करतात. उडीद सोसत नाही, तो लवकर बोलतो. उडीद पडला आणि ज्वारी उभी राहिली तर बहुधा मिठाची सुरुवात आहे. दोन्ही पडले तर पाणी ताबडतोब प्रयोगशाळेत न्या आणि पिकाला देणे थांबवा. जमल्यास तीन-चार गावांनी मिळून क्षार मोजायचे छोटे यंत्र घ्यावे. त्यावर २.२५ च्या वर आकडा गेला तर ते पाणी काळ्या जमिनीला देऊ नये. ०.७५ पर्यंत फारशी चिंता नाही. मधल्या आकड्याला जमीन आणि पीक पाहून ठरवावे लागेल, त्यासाठी आम्हाला विचारा.

एक गोष्ट मात्र सांभाळा. बी जुने असेल, फडके साबणाचे असेल, ताटली उन्हात राहिली, तर ज्वारी खोटी साक्ष देईल आणि कारखान्याचा वकील आपल्याला तोंडघशी पाडील. पहिल्या वेळी आमचेच असे झाले होते. आदल्या वर्षीच्या कीड लागलेल्या बियांवर आम्ही मोठा अहवाल लिहायला बसलो होतो. म्हणून पावसाच्या पाण्यावरची ताटली सोडू नका. त्या ताटलीत शंभरपैकी ऐंशीहून कमी उगवले तर सगळा प्रयोग नव्या बियांवर पुन्हा करा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्या तीन महिन्यांच्या नोंदींची वही आणि त्या दिवशी सकाळी भरलेली पाण्याची एक बाटली आणावी. म्हैसाळ आणि टेंभूच्या लाभक्षेत्रातल्या गावांनी कालव्याचे पाणी आणायला विसरू नये. जतच्या आबांनाही आम्ही निरोप धाडला आहे. त्यांच्या वड्याला पाणी आले असेल तर त्यांची बाटली पहिल्यांदा उघडू.